एका डॉज मोटारीचा पाठनिर्णय

शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक भातगिरणी आहे. ती कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली. तिच्या पडवीत १९५१ सालची एक डॉज मोटार उभी आहे. ती विकायला काढली आहे. तिची किंमत ठरवताना जो वाद उपस्थित झाला, तो मोटारींच्या खरेदी-विक्रीपुरता मर्यादित नाही असे मला वाटते, म्हणून तो येथे मांडत आहे. मोटारींतले मला फारसे कळत नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. मी मराठी शिकवते. त्यातही पाठचिकित्सा, म्हणजे विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातला सर्वांत रुक्ष वाटणारा विषय, बरीच वर्षे माझ्याकडे आहे. गिरणीमालकांचा नातू माझा विद्यार्थी. तो एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीची जाहिरात द्यायची आहे. चांगल्या भाषेत पंधरा-वीस ओळी लिहून द्या. फक्त 'ओरिजिनल' हा शब्द त्यात यायला हवा." ज्या शब्दावर मी वर्गात तीन-तीन तास बोलते तोच शब्द कोणी फुकट मागतो आहे म्हटल्यावर मोटार पाहिल्याखेरीज तो कसा द्यावा? मी पाहायला गेले.

मोटारीची हकीकत थोडक्यात अशी. विद्यार्थ्याच्या आजोबांची भातगिरणी होती आणि जोडीला वाळल्या गवताची वखार. शहापूर-मुरबाडच्या माळांवरचे गवत एके काळी मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे, त्या व्यापारात त्यांच्या हाती थोडा पैसा आला. त्या पैशातून त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ही मोटार घेतली. तेव्हाच ती जुनी होती. पुढे पंचवीस-तीस वर्षे पंचक्रोशीतल्या नवरदेवांनी तीतून वरात काढली, अडलेल्या बाळंतिणी तीतून ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात गेल्या, आणि मागची बैठक काढून तीतून भाताची पोतीही वाहिली गेली. आजोबा गेले. तीन मुलांत वाटणी झाली. जमीन वाटता आली, गिरणीची जागाही वाटता आली. मोटार तेवढी कोणाच्याच वाट्याला गेली नाही. आता पडवी पाडायची आहे आणि येणारे पैसे तिघांत वाटून घ्यायचे आहेत.

मुंबईच्या एका संग्राहकाने रस दाखवला आणि तपासणीसाठी एक जाणकार गृहस्थ पाठवले. त्या दिवशी मी तिथे होते. त्यांची तपासणी पाहणे हा मला एक धडाच होता. प्रथम त्यांनी खिशातून लहानसे लोहचुंबक काढले आणि ते रुमालात गुंडाळून मडगार्डवर, दारांच्या खालच्या कडांवर, डिकीच्या झाकणावर फिरवले. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा सडून गेलेला असतो आणि त्या जागी लांबी भरलेली असते. डावीकडच्या मागच्या मडगार्डावर वीतभर जागेत चुंबक घसरले. बाकी पत्रा शाबूत होता. मग त्यांनी चासीवरचा गंज घासला, आकड्यांवर पातळ कागद धरला, पेन्सिल फिरवली आणि उमटलेला नंबर आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला. अक्षरन् अक्षर जुळले. शिलालेखाचा ठसा घेणाऱ्या माणसांना मी पाहिले आहे. त्यांचे हात असेच चालतात.

त्यानंतर चाक उतरवायचे ठरले. गृहस्थांबरोबर आलेला तरुण डावीकडच्या चाकाचा बोल्ट फिरवू लागला. पान्याच्या दांड्यावर तो दोन्ही पायांनी उभा राहिला तरी बोल्ट हलेना. कोपऱ्यात बाजेवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ इतका वेळ काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "आवळतोयस तू. डाव्या बाजूला उलटे आटे आहेत." क्रायस्लर कंपनीच्या त्या काळातल्या सर्व मोटारींना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत, हे तपासणी करणाऱ्या गृहस्थांनीही लगेच मान्य केले, बोलताना क्षणभर ते विसरले होते इतकेच. हे म्हातारे गृहस्थ म्हणजे मुरबाडचे मिस्त्री. या मोटारीवर सर्वाधिक काळ ज्यांचे हात फिरले ते हेच.

शेवटी बोनेट उघडले, आणि वादाचा विषय समोर आला. आत डॉजचे इंजिन नव्हते. सहा सिलिंडरांचे, सुमारे ३.६ लिटरचे, व्हॉल्व्ह बाजूला असलेले पेट्रोलचे जे इंजिन तिथे असायला हवे होते, त्या जागी मद्रासच्या सिम्पसन कंपनीने परवान्यावर बनवलेले पर्किन्स जातीचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन होते. गृहस्थांनी बोनेट हलकेच बंद केले. जशी आहे तशी घ्यायची तर ते एक किंमत सांगतील. मूळ इंजिन बसवून 'ओरिजिनल' करून दिली तर साधारण तिप्पट. त्या मॉडेलचे इंजिन भंगारबाजारात शोधले तर मिळेल, ओळखीचे लोक आहेत, असेही त्यांनी सुचवले. तिन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिले. मिस्त्रींकडे कोणी पाहिले नाही.

या गृहस्थांवर मी अन्याय करू इच्छित नाही. ते लबाड नव्हते, आणि त्यांचा निकष केवळ त्यांच्या लहरीचाही नव्हता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली मोटार असेल तर तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला खास नंबर मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला ती नेता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, देखभाल, इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आणि मुख्य अट अशी की मोटार मूळ स्वरूपात राखलेली असावी. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आमच्या पडवीतली मोटार कायद्याच्या दृष्टीने म्हातारी आहे, पण वारसा नाही. एरवी आहे ती साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून चालू ठेवता येते. पण संग्राहकाला ती अक्षरे हवी असतात. किंमत त्या अक्षरांची असते.

गंमत अशी की हा निकष जसजसा तपासावा तसतसा तो हातातून निसटू लागतो. डॉज किंग्जवे या नावाची जी मोटार आपल्याकडे आली ती अमेरिकेतली डॉज नव्हेच. परदेशी बाजारासाठी क्रायस्लर कंपनीने आपल्या स्वस्त प्लिमथ गाडीच्याच अंगावर डॉजची जाळी, डॉजची अक्षरे आणि डॉजची थोडी सजावट चढवली, आणि तिला किंग्जवे म्हटले. त्याच अंगावर डी सोटोचे नाक लावले की डिप्लोमॅट तयार. पुढे ती मोटार पेट्यांतून सुट्या भागांच्या रूपात मुंबईला आली आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जोडली गेली. त्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली १९४७ मध्ये. त्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे, आणि तिथून जवळच, कुर्ल्याच्या भंगारबाजारात, आमच्या गृहस्थांना डॉजचे 'मूळ' इंजिन मिळण्याची आशा आहे! प्लिमथचे अंग, डॉजचा चेहरा, कुर्ल्याच्या कामगारांनी आवळलेले बोल्ट. यातले मूळ कोणते म्हणायचे? जन्मतःच जी संमिश्र संहिता आहे तिच्यात एका विशिष्ट क्षणापर्यंतचे मिश्रण 'मूळ' आणि त्यानंतरचे 'भ्रष्ट', ही रेषा कोणी ओढली? ती कारखान्याच्या फाटकावर ओढलेली आहे. फाटकाच्या आत काम करणारा तो निर्माता, बाहेर काम करणारा तो बिघडवणारा.

आता मिस्त्रींच्या कामाविषयी. या लेखात मला खरे तर त्याविषयीच बोलायचे आहे.

मूळ इंजिन झिजले होते. सिलिंडर एकदा कातून रुंद केले, दुसऱ्यांदा कातले. तिसऱ्यांदा कातायला धातू उरला नव्हता आणि त्या मापाचे पिस्टन बाजारात नव्हते. बाहेरून मागवावे तर आयातीवर निर्बंध. तशात १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव असे चढले की सहा सिलिंडरांची अमेरिकन मोटार पोसणे भातगिरणीवाल्याला शक्य राहिले नाही. हे एका शहापूरचे नाही. त्या दशकात देशभर अशा थोराड अमेरिकन मोटारींच्या पोटात डिझेल इंजिने गेली. नाही गेली त्या तुकड्यातुकड्यांनी भंगारात गेल्या. आज आपण जिला 'अस्सल' म्हणून दाद देतो ती बहुधा अशा घरातली असते जिथे तिला चालावे लागत नव्हते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते आणि लोक तिच्याकडे कौतुकाने पाहतात. मीही पाहिली आहे, आणि ते कौतुक खोटे नाही. पण दसऱ्याला निघणारी मोटार आणि अडलेल्या बाळंतिणीसाठी मध्यरात्री निघणारी मोटार यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. मूळपणा परवडावा लागतो.

इंजिन बदलणे म्हणजे एक उचलून दुसरे ठेवणे अशी माझी समजूत होती. मिस्त्रींनी ती दूर केली. डिझेलचे इंजिन मूळच्या गिअरबॉक्सला जुळत नाही. भोके वेगळी, मध्यरेषा वेगळी. सोपा मार्ग असा की इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्सही बसवून टाकायचा. त्यांनी तसे केले नाही. का? कारण या मोटारीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्सच्या पाठीमागे, फिरत्या दांड्यावर असतो. गिअरबॉक्स काढला की हँडब्रेकही गेला. आणि ही गाडी तर माळशेज घाटातून जायची. तेव्हा त्यांनी दोहोंच्या मध्ये बसेल अशी एक जाड चकती कल्याणला लेथवर कातून घेतली आणि जुनाच गिअरबॉक्स, स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या त्या जुन्या हँडगिअरसकट, राखला. मोटारीची वीज सहा व्होल्टची होती आणि बॅटरीची धन बाजू चासीला जोडलेली होती, म्हणजे नेहमीच्या उलट. डिझेल फिरवायला बारा व्होल्ट लागतात. त्यांनी सगळी वायरिंग नव्याने ओढली, पण डॅशबोर्डवरचे जुने काटे काढले नाहीत. ते आता चालत नाहीत. मी विचारले, "मग ठेवलेत कशाला?" ते म्हणाले, "तिथे भोके दिसली असती."

हे उत्तर मी पुष्कळदा मनाशी घोळवले. जे गेले त्याची जागा दिसू नये म्हणून काही ठेवणे, आणि जे आवश्यक आहे ते जाऊ नये म्हणून भोवतीचे सारे बदलणे, ही दोन्ही निर्णयाची कामे आहेत. त्यांना जुगाड म्हणून हसणे आपल्याला सोपे जाते. हँडब्रेकसाठी गिअरबॉक्स राखणाऱ्या माणसाने ती मोटार वाचली होती. जो वाचतो त्यालाच काय गाळता येत नाही ते कळते.

आणि इथे मला माझ्या विषयाकडे यावे लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिची कथा आपण वर्गात शिकवतो. वि. स. सुकथनकरांनी १९२५ मध्ये संपादनाची धुरा घेतली, काम १९६६ मध्ये पुरे झाले, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते हाताळली गेली. विद्यार्थी बहुधा एवढेच लक्षात ठेवतात की या आवृत्तीने प्रक्षेप काढून 'मूळ' महाभारत दिले. सुकथनकरांचा दावा तो नव्हताच. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता येईल तेवढे मागे जाणे, एवढाच त्यांचा संकल्प होता. व्यासांच्या हातची प्रत आपण शोधून काढली असे त्यांनी म्हटले नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे गाळले ते त्यांनी फेकले नाही. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही आपल्या सर्वांच्या मनात ठसलेली कथा संहितेत नाही. पण ती परिशिष्टात आहे, कोणत्या प्रतींत आढळते त्याच्या नोंदीसह आहे. ज्याला हवी तो उघडून वाचू शकतो. संपादकाची चूक झाली असेल तर ती दुरुस्त करण्याचे साधन त्याने त्याच ग्रंथात ठेवले आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत भर घालू नये असे बजावले. त्यांचे ऋण थोर आहे. ते नसते तर आपल्या हाती काय आले असते कोण जाणे. पण त्यांच्यासमोर कोणते पाठ होते आणि त्यांनी कोणते सोडले, हे सांगणारी टीप त्यांनी मागे ठेवली नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. त्यामुळे नाथपूर्व प्रतीचा शोध हा मराठी अभ्यासकांना पुढे पडलेला ध्यासच झाला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत छापली तेव्हापासून तो वाद सुरू आहे, आणि अजून संपला असे म्हणवत नाही.

मोटार 'ओरिजिनल' करणाऱ्यांची अडचण नेमकी ही आहे की त्यांच्याजवळ तळटीप नाही. पर्किन्सचे इंजिन काढले की ते भंगारात जाईल. ती चकती तर किलोच्या भावाने जाईल. त्या जागी कुठल्या तरी दुसऱ्या, मेलेल्या डॉजचे इंजिन येईल. ते या मोटारीत कधीही नव्हते, या रस्त्यांवर कधी धावले नाही, आणि तरीही कागदावर तेच 'मूळ' ठरेल. एका प्रतीतले पान गहाळ झाले म्हणून दुसऱ्या प्रतीतले पान फाडून तिथे चिकटवावे, आणि चिकटवल्याची खूणही राहू देऊ नये, असा हा प्रकार आहे. आपल्या क्षेत्रात याला संपादन म्हणत नाहीत. याला जे म्हणतात ते न्यायालयातही म्हटले जाते.

न्यायालयाचा उल्लेख आला म्हणून सांगते. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी एक बेंटली मोटार आहे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे तिने ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे शर्यतींसाठी तिची चासी बदलली, इंजिन बदलले, अंग बदलले. ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि मग घेणाऱ्याने म्हटले की ही ती मोटारच नव्हे. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. १९२९ च्या मोटारीचे जवळजवळ काहीही उरलेले नाही हे त्यांनी मान्य केले; आणि तरीही ही ओल्ड नंबर वनच आहे असे ठरवले, कारण ती कधी थांबली नाही, मोडून दुसरी उभारली असा क्षण तिच्या आयुष्यात आला नाही, बदल होत होत ती अखंड चालत आली. आपल्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना थीसिअसचे जहाज आठवेल. मला आठवला तो अभंगांच्या गाथांचा मौखिक प्रवास: वारीत गायल्या जाणाऱ्या अभंगात शब्द बदलतो, कडवे वर-खाली होते, आणि तरी तो तोच अभंग असतो, कारण गाणे थांबलेले नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही गेल्या दशकात केलेल्या ट्युरिन सनदेत वापराच्या काळात झालेले बदल ही वाहनाच्या इतिहासाची साक्ष मानली आहे. प्रत्येक मोटार कारखान्यातून निघाल्या दिवसासारखीच करायला हवी असा तिचा आग्रह नाही. आपला नियम त्यापुढे मला भाबडा वाटतो.

अर्थात या युक्तिवादात एक खड्डा आहे आणि तो मी झाकणार नाही. प्रत्येक बदल हा इतिहास म्हणून पवित्र मानायचा तर मग बनावट कशाला म्हणणार? मडगार्डावर भरलेली ती वीतभर लांबी हाही इतिहासच की! उद्या कोणी दिव्यांच्या जागी रंगीत पट्ट्या लावल्या आणि म्हणाला हीही माझी परंपरा, तर? तपासणी करणाऱ्या गृहस्थांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आता मी असे म्हणेन की प्रत्येक पाठभेद सारखा नसतो. लेखनिकाच्या डुलकीने झालेली चूक वेगळी आणि अर्थ लावून केलेला बदल वेगळा. लांबी ही पहिल्या जातीची, चकती दुसऱ्या. पहिली दुरुस्त करा, खुशाल करा. दुसरी मोडण्यापूर्वी निदान तिची नोंद करा, आणि मोडलेले जपून ठेवा. इंजिन बदलायचेच असेल तर पर्किन्स त्याच पडवीत, त्याच मोटारीच्या शेजारी, एका लाकडी घोडीवर उभे राहू दे. मोटार विकत घेणाऱ्याने परिशिष्टही विकत घ्यावे.

माझ्या विद्यार्थ्याला हे सारे पटले असे नाही. त्याचे म्हणणे साधे होते आणि त्याला तोड नाही: "मॅडम, तिप्पट किंमत मिळाली तर तिघा भावांत भांडण होणार नाही." दुसऱ्याच्या पैशाने तत्त्व सांभाळणे सोपे असते, हे मला त्याने न बोलताच ऐकवले. मी त्याला म्हसोबाच्या यात्रेची आठवण दिली. मुरबाडजवळच्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला जी यात्रा भरते तिच्यातला बैलबाजार त्याने लहानपणापासून पाहिला आहे. तिथे घेणारा बैलाचे ओठ वर करून दात पाहतो, अदात आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेला. मानेवरून हात फिरवून जुवाचा घट्टा चाचपतो. दोन पावले चालवतो. आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. मानेवर घट्टा असलेला बैल कामाचा समजला जातो. घट्टा नसेल तर घेणारा संशयाने विचारतो, याला औताला कधी जुंपलाय की नाही? विद्यार्थी हसला आणि म्हणाला, "पण मॅडम, तिथे बैल कामाला घेतात. हा माणूस गाडी काचेच्या घरात ठेवणार आहे." याचेही उत्तर मला तिथल्या तिथे सुचले नाही.

शेवटी मी तो मजकूर लिहिला. 'ओरिजिनल' हा शब्द त्यात नाही. चासी, अंग, गिअरबॉक्स, आस आणि चाके १९५१ ची. डावीकडच्या मागच्या मडगार्डावर वीतभर लांबी. वायरिंग बारा व्होल्टची. डॅशबोर्डवरचे काटे जुने पण बंद. इंजिन सिम्पसन-पर्किन्स डिझेल, मुरबाडच्या मिस्त्रींनी १९७८ साली स्वतः कातून घेतलेल्या चकतीच्या साहाय्याने मूळ गिअरबॉक्सला जोडलेले. मिस्त्रींचे नाव मी मजकुरात घातले होते. येथे, त्यांच्या परवानगीशिवाय, देत नाही. थोरल्या भावाने वाचून पाहिले, काही बोलला नाही, घडी करून खिशात ठेवले. त्याने तो मजकूर पाठवला, की त्याआधी दुसऱ्या कोणाकडून दुसरा लिहून घेतला, ते मी अजून विचारलेले नाही.

एक प्रत मी मिस्त्रींना वाचून दाखवायला मुरबाडला नेली होती. त्यांनी शांतपणे ऐकले आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. चकती त्यांनी स्वतः कातली नव्हती. माप त्यांनी काढले, कातली कल्याणच्या लेथवाल्याने, तेव्हा तसेच लिहावे. आणि साल चुकले आहे. धाकटी मुलगी झाली त्या पावसाळ्यात इंजिन चढवले, म्हणजे १९७९. आरसी बुकात इंजिन बदलल्याची नोंद मात्र १९८१ ची आहे, हे मी त्यांना दाखवले. "ती कागदाची तारीख," ते म्हणाले. मी १९७८ खोडून १९७९ केले आणि खाली टीप घातली: आरसी बुकानुसार १९८१.